ओढ्याच्या पलीकडचं घर

माझ्या डोक्यावर तांब्याची कळशी होती. कळशीत पंचगंगेचं पाणी, आणि त्यात खोचलेली गौरीची रोपं माझ्या कपाळावर लोंबत होती. मी राजारामपुरीतल्या एका घराच्या दारात उभी होते. घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकींनी, माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्याच्या आतून रीतीप्रमाणं विचारलं, "कोण आलं?"

"गौर आली." सकाळपासून पाठ केलं होतं.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

आत बायका हसल्या, कौतुकानं. काकींच्या नणंदबाई सणासाठी जयसिंगपूरहून आल्या होत्या. त्या पुढं झाल्या, माझी हनुवटी धरून मला न्याहाळलं आणि काकींना विचारलं, पोरगी कुणाची? त्यांच्या घरात लग्नाचा मुलगा होता, हे मला नंतर कळलं. काकी म्हणाल्या, तुमच्या तिकडचीच की. आणि माझं आडनाव सांगितलं. आमचं आडनाव त्यांच्यातही असतं. नणंदबाईंनी गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या जावेचं माहेर तेच निघालं. त्यांना आनंदच झाला.

"मग गावात घर कुठं तुमचं?"

मी मुंबईत वाढलेली. पत्ता विचारला की सांगायचा, एवढंच मला ठाऊक. "ओढ्याच्या पलीकडं," मी म्हटलं. "शाळा मागं टाकून पूल ओलांडला की पहिलंच घर."

हनुवटीवरचा हात निघाला.

"वयनी, थांबा. आत घेऊ नकासा."

कारण सांगायची गरजच नव्हती. माझ्याखेरीज दारातल्या प्रत्येकीला सगळं कळलं होतं. काकींचा चेहरा उतरला. नणंदबाई मला म्हणाल्या, "कळशी ठीव खाली. तितंच, पायरीच्या कडंला."

घाटावर ती कळशी माझ्या डोक्यावर द्यायला दोघी पुढं आल्या होत्या. उतरवायला एकही आली नाही. मी एकटीनं उतरवली. अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं. रोपं पायरीवर पडली. मग शेजारच्या मुलीला स्कूटीवरून बाजारात पिटाळलं, नवी रोपं आणायला. माझ्या कळशीतलं उरलेलं पाणी काकांनी, काकींच्या यजमानांनी, गटारात ओतलं. मी जिन्यातून वर गच्चीवरच्या माझ्या खोलीत गेले. थोड्या वेळानं खालून पुन्हा ऐकू आलं, कोण आलं? गौर आली.

मी आणलेली गौर मग कोण होती? माझ्या डोक्यावर बसली म्हणून तिलाही दारातून माघारी धाडलं. माझ्या अपमानाचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही.

मुंबईहून कोल्हापूरला शिकायला जाते म्हटल्यावर माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या. लोक तिकडून इकडं येतात, तू उलटी कुठं निघालीस? मुंबईत एम.एस्सी.ला जागा मिळाली नाही. इथल्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला मिळाली, तीही शेवटच्या यादीत. तोवर वसतिगृह भरलं होतं. म्हणून ही खोली. बाबांना मात्र माझं इकडं येणं आवडलं नव्हतं. त्यांनी कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, कुणाशी जास्त बोलू नकोस, आपलं काम बरं नि आपण बरं.

बाबा मुंबईत सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय. आमच्या इमारतीत कुणी कुणाला गाव विचारत नाही. विचारलंच तर बाबा म्हणतात, कोल्हापूर साइड. निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो आमच्या घरात आहे, पण तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. सकाळी बाबा कपाट उघडतात, हात जोडतात, कपाट बंद करतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडं असंच असतं.

काकींकडं मात्र पहिल्या दिवसापासून प्रश्नच प्रश्न. नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, पै-पावणं कुठं कुठं. मला ते फार आवडलं. मुंबईत तीन वर्षं एका मजल्यावर राहून शेजारीण नाव विचारत नाही, आणि इथं बॅग खाली ठेवायच्या आत माझ्या मामाची चौकशी. जयसिंगपूरच्या बाजूचे आम्ही, एवढं मी सांगितलं. आडनाव आणि तालुका यांची मोट त्यांनीच बांधली. म्हणाल्या, म्हंजे आमच्यातलीच म्हण की.

काकी वाईट नव्हत्या, हे मी लिहिणारच. विद्यापीठातून यायला उशीर झाला की जिन्यात उभ्या राहायच्या. रविवारी रस्सा केला की वाटी वर यायची. मला त्या बाळ म्हणायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, घर सुनं झालं होतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर बसून भाकरी थापायला शिकले. इथल्या मुलींसारखं मी आलो, मी जातो म्हणायला लागले, तेव्हा फोनवर आई पोट धरून हसली. यंदा गौर आणायला घरात पोर नाही, म्हणून काकींनीच मला विचारलं. मुलीचं जरीचं पातळ काढून स्वतःच्या हातानं नेसवलं.

मधेच एकदा माझा चुलता आला होता. बाबांचा धाकटा भाऊ, गावाकडं शेतमजुरी करतो, ओढ्याच्या पलीकडच्या त्या घरात राहतो. एसटीनं शेंगांची पिशवी घेऊन मला बघायला आला. मी म्हटलं, काका, वर चला. तो फाटकाच्या आत येईना. काकींनी आतून पाण्याचा तांब्या आणला तर म्हणाला, आत्ताच प्यालोय. आणि रस्त्यावर जाऊन स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याला. मला वाटलं, खेडवळ माणूस, लाजतोय. जाताना त्यानं हळूच विचारलं, "ह्यांस्नी म्हाईत हाय न्हवं?" मी म्हटलं, काय? तो म्हणाला, काय न्हाय, अभ्यास कर.

गौर माघारी धाडली त्या संध्याकाळी, ओलं पातळ अंगावर घेऊन बसले असताना, तो काय विचारत होता ते मला कळलं. वय वर्षं बावीस. पदवीधर. आणि माझ्या अडाणी चुलत्याला एका फाटकात जे कळलं, ते कळायला मला कळशी उतरवावी लागली. मुंबईत पत्ता म्हणजे स्टेशन, गल्ली, मजला. गावात पत्ता म्हणजे तू कोण. ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, एवढं विचारलं की पुढचं विचारावं लागत नाही. बाबांनी मला सगळं शिकवलं. हे तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी चहा घेऊन वर आल्या. रोज स्टीलच्या कपात आणायच्या. त्या दिवशी कागदी कप होता. गौरीच्या गडबडीत भांडी धुवायला वेळ नाही, असं त्या मी न विचारताच म्हणाल्या. मी पातळ धुऊन वाळत घातलं होतं. त्याच्याकडं बघून म्हणाल्या, ते राहू दे तुलाच. चांगलं जरीचं पातळ. लेकीचं. ते आता त्यांना नको होतं.

मग पलंगाच्या कडेला न बसता, उभ्याउभ्याच, त्यांनी मार्ग सांगितला.

"तू दुपारी खाली ये. पावणं जेवाय बसत्यात तवा. आन एवढंच म्हण, काल सांगताना माझं चुकलं. घर देवळापाशी हाय म्हण. मुंबईची पोर, तिला काय कळतंय, म्हणून वन्सं सोडून देत्याल. मग काय न्हाय. तू हाईस तशी ऱ्हा."

त्यांचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. म्हणाल्या, आम्ही जात-बित मानत न्हाय बाळ, हे राजांचं गाव हाय, पण पावण्यांचं तोंड कोण धरणार? आणि जिना उतरता उतरता थांबून म्हणाल्या, तू आधी सांगायला पाहिजे होतंस.

हे मला सगळ्यांत लागलं. कळशी उतरवताना नाही लागलं एवढं. जे मला कुणी विचारलंच नव्हतं, ते मी चोरून ठेवलं असं झालं.

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मागं दवाखान्यातली ट्रॉली खडखडत होती. मग म्हणाले, म्हणून टाक. मला ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, काय? ते म्हणाले, देवळापाशी म्हणून टाक, तुझं काय जातंय, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मी जन्मभर हेच केलंय. नाही जमत तर परत ये, वर्ष गेलं तर गेलं.

फोन ठेवला. खरं सांगते, मी म्हणणार होते. खोली चांगली होती, विद्यापीठ जवळ, गच्चीवर वारा. काकींची माया होती. एक वाक्य म्हटलं की सगळं पूर्ववत. मी आरशापुढं उभी राहून ते वाक्य म्हणूनही बघितलं. आमचं घर देवळापाशी आहे.

आणि मग डोक्यात आलं, चुलता पुन्हा आला तर? शेंगांची पिशवी घेऊन फाटकात उभा राहिला तर मी त्याला कोण म्हणणार? गावाकडचा गडी म्हणणार? तो तर आत्ताच आत येत नाही. मग मीही त्याला आत बोलवायचं नाही. हळूहळू फाटकाशीही यायचं नाही सांगायचं. बाबांनी नेमकं हेच केलं असणार. म्हणून तर चुलता मुंबईला आमच्याकडं कधी राहायला आला नाही. म्हणून मी उभ्या जन्मात दोनदाच ते गाव पाहिलं. माझं शिक्षण, माझी शुद्ध भाषा, माझा बिनधास्तपणा, सगळं एका माणसाला बाहेर उभं करून मिळालेलं.

मला बाबांचा राग आला. मग त्यांची कीवही आली. मग दोन्ही राहिलं.

दुपारी मी खाली गेले. पुरणपोळीची पंगत बसली होती. काका, नणंदबाई, त्यांचे यजमान, आणखी दोघी-तिघी. कोपऱ्यात दुसरी गौर दागिने घालून उभी. काकी तुपाचं भांडं घेऊन वाढत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. सगळ्यांना म्हणाल्या, पोर काय सांगतीया ते ऐका.

मी उंबऱ्याबाहेर थांबले नाही. आत गेले. पातळाची घडी खुर्चीवर ठेवली.

"काल मी बरोबर सांगितलं. आमचं घर ओढ्याच्या पलीकडंच आहे. माझा सख्खा चुलता तिथं राहतो."

कुणीतरी घास खाली ठेवला. नणंदबाई म्हणाल्या, "मग गौरीला हात लावताना तोंड शिवलं हुतं व्हय तुझं?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं. लपवायचं असतं तर तेव्हाच लपवलं असतं."

काकी मटकन खाली बसल्या. तुपाचं भांडं त्यांच्या हातात तसंच. काकांनी घसा साफ केला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, खोलीचं काय ते बघावं लागेल, तुलाच अवघडल्यासारखं होईल. त्यांना वाटलं, मी बॅग भरायला वर पळणार. रडत रडत रिक्षा करणार. आजवर असंच झालं असावं. मी म्हटलं, महिन्याचं भाडं दिलंय, महिनाभर मी राहणार. आणि अवघडायचं असेल त्यांनी अवघडावं.

राहिले. अजून राहते आहे. रोज त्याच जिन्यानं, त्यांच्या दारावरून, मान वर करून. काकी दिसल्या की आत जातात. एकदा पायऱ्यांवर समोरासमोर आलो, तर त्या पदरानं डोळे पुसत बाजूला झाल्या. मला वाईट वाटलं. पण मी थांबले नाही. त्यांच्या दुःखाची समजूत घालायची पाळी माझी नाही.

चुलत्याला मी फोन करून बोलावलं. तो येईना. म्हणाला, तुझं शिक्षण हुंदे आधी. मी म्हटलं, शिक्षणासाठीच या. मग आला. मी फाटकात जाऊन त्याचा दंड धरला आणि भर दुपारी त्याला जिन्यानं वर आणलं. माझ्या ग्लासात पाणी दिलं. तो सगळा वेळ दाराकडं बघत होता, कुणीतरी येऊन उठवेल म्हणून. पन्नाशी उलटलेला माणूस. ते बघून मला जे झालं त्याला राग म्हणणं फार थोडं होईल.

आता दुसरी खोली बघत हिंडते आहे. राजारामपुरीच्या गल्ल्या, मग पलीकडं, मग आणखी पलीकडं. दार उघडलं की नाव सांगते, आडनाव सांगते, आणि त्यांनी पावणं विचारायच्या आत जातही सांगते. मग कळतं, खोली कालच गेली. मुलगा यायचाय. आम्ही फक्त ओळखीत देतो. एका बाईंनी तर मला पाणी विचारलं आणि मी जात सांगितल्यावर आत गेल्या त्या आल्याच नाहीत. महिना संपत आला आहे. खोली मिळालेली नाही.

काल बाबांचा फोन होता. म्हणाले, पुरे झालं, परत ये, मुंबईत कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लपलात म्हणून मी शिकले, हे मी नाकारत नाही. पण मी लपायला परत येणार नाही. एम.एस्सी. इथंच करणार. इथल्या प्रत्येक दारात मी कोण ते आधी सांगणार. दार लावायचं तर त्यांनी ते ऐकून लावावं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि खोली गेली असं निमित्त सांगून नाही, माझ्या जातीचं नाव घेऊन लावावं. तसं म्हणेपर्यंत मी दारातून हलणार नाही."

ते काहीतरी म्हणत होते. मी फोन ठेवला आणि पुढच्या घराची बेल दाबली.