सतरा नंबरचं झाड

मोरेश्वर गेल्याचं मला ऑफिसात फोनवर कळलं. "दादा गेला. अकराला नेणार आहोत," त्याचा धाकटा भाऊ म्हणाला. मी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. ऑफिसातून घाटकोपरला घरी पोचायला मला सव्वा तास लागतो, बावीस वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही. म्हणजे मी पोचणार नव्हतो. थेट स्मशानात गेलो, तोवर चिता पेटली होती. त्याला आता सहा आठवडे होतील. लिहायला बसलो की थकवा येतो, म्हणून जेवढं नक्की आठवतं तेवढंच लिहितो.

आम्ही दोघं एकाच खात्यात होतो. मी आकडे जुळवायचो आणि मी जुळवलेले आकडे तो तपासायचा. राहायलाही दोन इमारती सोडून. त्याला नाद होता झाडं ओळखण्याचा. आमच्या वस्तीच्या पूर्वेला मिठागरं ओलांडली की खाडीच्या चिखलात तिवरांचं रान लागायचं. तिथे जे उगवतं, सरपटतं आणि कुजतं, त्या सगळ्याची नावानिशी यादी करायची असं त्यानं ठरवलं होतं. मी त्यात ओढला गेलो तो भरती-ओहोटीच्या गणितासाठी. अष्टमीच्या आसपास पाणी दुपारी बाराच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. त्या आसपासच्या रविवारी सकाळी नऊला निघायचं, अर्ध्या चड्डीत गुडघाभर चिखल तुडवायचा, आणि पाणी चढायच्या आत तीनला बाहेर पडायचं. महिन्यातून असे दोन रविवार. घरी बायको म्हणायची, "इतका चिखल घरी आणता, त्यात भाजी तरी लावा." यादीच्या वहीत रकाने मी आखले होते. क्रमांक, ठिकाण, पान, फूल, वास, नाव, खूण कोणी केली, शेरा. एकूण आठ.

मोरेश्वरचा नियम एकच होता, पाहिलं तेवढंच लिहायचं. एकदा चिखलात पावलं उमटलेली दिसली. तिथे कोल्हे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मिठागरातली माणसं रोज सांगायची. मी म्हटलं, "कोल्हा लिही." त्यानं लिहिलं, 'चार बोटांचा ठसा. कोल्हा किंवा कुत्रा.' पावसाळ्यात एका पडलेल्या खोडावर कानांसारखं काहीतरी ओळीनं उगवलं होतं, तेव्हाही तेच.

"अळंबी आहे, लिहून टाक."

"अळंबी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय ना."

"दिसतंय ते लिहितोच आहे. कुजक्या खोडावर, कानासारखं, तपकिरी, रबरासारखं लवचिक."

"तुझ्या यादीत नावं कमी आणि रकाने जास्त आहेत यार."

"रकाने तू आखलेस रे. मी फक्त भरतोय."

सतरा नंबरचं झाड आम्हाला तिसऱ्या वर्षी सापडलं. पुरुषभर उंचीचं, कांदळासारखं दिसणारं, पण कांदळाची मुळं कमानीसारखी बाहेर येतात तशी याची नव्हती. पान जाड, आणि टोकाला किंचित खाचलेलं. सगळ्या रानात तसं दुसरं झाड नव्हतं. मोरेश्वरनं दोन पुस्तकं चाळली आणि म्हणाला की दोन नावं शक्य आहेत, फूल पांढरं आलं तर एक, तांबडं आलं तर दुसरं. फुलाची वाट आम्ही दोन वर्षं पाहिली. नाव त्याला स्वतःला लावायचं होतं, कुणाला विचारून नाही. एवढी एकच गोष्ट मी त्याला इतक्या हौसेनं मागताना पाहिलं. बढतीसाठीही त्यानं कधी अर्ज केला नव्हता.

त्या रानात चुकायला व्हायचं. तो सतरावं म्हणायचा ते मी तेरावं समजायचो, आणि अर्धा तास वादात जायचा. मला ते सहन होईना. दारावरच्या पाटीसाठी आणलेला पांढरा ऑइलपेंट घरात उरला होता. तो डबा आणि ब्रश घेऊन मी एका रविवारी त्याच्याबरोबर गेलो. तो म्हणाला, "अरे, झाड काय पळून जाणार आहे?" मी म्हटलं, "नंबर घातले की वाद मिटला." यादीतल्या तेवीसही झाडांवर मी वीतभर उंचीचे आकडे काढले, आणि वहीत 'खूण कोणी केली' या रकान्यात तेवीस वेळा माझी सही केली. सतरा नंबरवर त्या दिवशी पहिल्यांदाच कळ्या होत्या. हिरव्या, मिटलेल्या. पुढच्या खेपेला रंग कळणार होता.

पुढच्या खेपेला नुसते तेवीस बुंधे उरले होते. आजूबाजूचं एकही झाड तुटलेलं नव्हतं. मी दोनदा मोजले. खाडीत होडी लावून धर्मा नाखवा लाकडं भरत होते. माहुलकडचे म्हातारे कोळी, आम्हाला चेहऱ्यानं ओळखायचे. मी आवाज चढवून विचारलं, "नाखवा, ही तुम्ही तोडलीत?"

"व्हय," ते म्हणाले. "तुमी सरकारी मानसं. तुमी नंबर टाकलं, तवा आमी तेवरीच तोरली. बाकीच्यानला कोयता नाय लावला. मोजून घ्या."

त्यांना वाटलं होतं की तोडायच्या झाडांना सरकार नंबर घालतं. चोरी नको म्हणून ते आमच्या नंबरांसाठी थांबले होते. मोरेश्वर होडीशी गेला. लाकडांत फांद्या उलथून पाहिल्या. कळ्या सुकून काळ्या पडल्या होत्या, रंग कळण्यासारखा नव्हता. एक पान त्यानं वहीत ठेवलं आणि म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही, नाखवा. नंबर घालायला नको होते. ते आमचं चुकलं."

नाखव्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "कामाचं व्हतं काय?"

"बघायचं होतं," तो म्हणाला.

परतताना तो नेहमीसारखंच बोलला, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांबद्दल, पाणी किती वेगानं चढतंय त्याबद्दल. मी 'माझं चुकलं' म्हणणार होतो. मिठागरापर्यंत म्हणणार होतो, मग रस्त्यापर्यंत, मग त्याच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत. ते राहिलं. नंतरही आम्ही तीन-चार वर्षं जात राहिलो, नंबर न घालता. तो पावलं मोजून जागा लक्षात ठेवायचा. मग भराव पडत आला, माझे गुडघे गेले, त्याला दम लागू लागला. त्या झाडाचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. मध्ये एकदा तो संध्याकाळी घरी वही उतरवून काढताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "जुनी चिखलानं भिजली रे, अक्षर उडायला लागलंय. नवी करतोय." दोनशे चौदा नोंदी. त्याला पाच महिने लागले.

परवा मोरेश्वरच्या बायकोनं, वहिनींनी, बोलावून ती वही माझ्या हातात दिली. "भावोजी, ही तुमच्याकडेच राहू दे. आमच्यात कुणाला कळत नाही." मी म्हटलं, "जुनी भिजली होती, बरं झालं त्यानं उतरवून ठेवली." वहिनी म्हणाल्या, "भिजली? ती तर माळ्यावर आहे. देऊ का काढून?" त्यांनी स्टूल घेऊन काढून दिली. वरून चिखलाचे डाग होते, आतलं अक्षर ठणठणीत. एकही नोंद पुसट नव्हती.

घरी आल्यावर मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. सवयच तशी, आधी रकाने मोजले. जुन्या वहीत आठ, नव्या वहीत सात. 'खूण कोणी केली' हा रकानाच नव्या वहीत नाही. माझी सही कुठेच नाही. पाच महिने संध्याकाळी बसून त्यानं दोनशे चौदा नोंदी उतरवल्या, त्या एवढ्यासाठी. शेऱ्यात त्यानं लिहिलंय, 'तोडले.' कोणी, कशामुळे, काही नाही. जो माणूस ठसा पाहून कोल्हा लिहीत नव्हता, त्यानं पाहिलेलं एवढं एकच गाळलं.

जुनी वही मी वहिनींना परत केली. नव्या वहीत काल पट्टी धरून आठवी रेघ मारली. रेघ खाली जाताना जरा तिरकी झाली आहे. तेवीस नोंदींपुढे सही केली, सतरावरची तारखेसकट. ते खाचलेलं पान त्यानं नव्या वहीतही त्याच नोंदीवर ठेवलं आहे. नावाचा रकाना तसाच मोकळा ठेवला. फूल आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही.