उजेडाची कार्डं

"थांबा, उजेडाला इचारू."

एवढं म्हणून ते उठायचे. हातातली पुठ्ठ्याची चार कार्डं टेबलावर ठोकून सारखी करायचे, भिंतीतल्या झरोक्यासमोर धरायचे आणि डावा डोळा मिटायचे. डोळ्याबरोबर त्या बाजूचा ओठही वर जायचा, त्यामुळे ते झरोक्याला वेडावून दाखवतायत असं वाटे. मग एक आकडा सांगायचे. शिपाई शिडी लावून त्या आकड्याचा बस्ता खाली काढायचा, आणि त्यात पाहिजे तो कागद असायचा.

नाव सांगत नाही. कचेरीतही त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'रेकॉर्डवाले' म्हणत. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याच्यावाचून कचेरीचं पान हलत नाही, पण चहाला बोलवताना नेमका तोच राहून जातो. मी त्यांना काका म्हणायचो.

परभणी जिल्ह्यात रेल्वेमार्गावरच्या एका गावी आमची कचेरी होती. मी तिथं चोविसाव्या वर्षी लिपिक म्हणून लागलो, तेव्हा काका मागच्या खोलीत रुळून गेले होते. ते तिथं कसे गेले, ही मी लागायच्या आधीची गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या एका मोर्चात ते दिसले आणि कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. चौकशी नाही, नोटीस नाही. सोमवारी आले तर त्यांचं टेबल उचलून रेकॉर्डच्या खोलीत ठेवलेलं होतं.

"लोकायला जेलात धाडलं, मला रेकॉर्डात धाडलं," ते हसत सांगायचे. "जेलातले चार दिसात सुटले."

खोलीला दार एक आणि झरोका एक. निजामाच्या काळापासूनचे जमिनीचे कागद लाल रुमालांत बांधून छतापर्यंत रचलेले. जुनी इमारत पडली तेव्हा ते बैलगाड्यांतून आणून जसे आले तसे ओतलेले होते. कोणत्या बस्त्यात कोणत्या गावचं काय आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एक कागद शोधायला महिना जायचा, आणि धुळीनं खोकला लागायचा तो वेगळाच. त्यातले अर्धे कागद उर्दूत. काका लहानपणी उर्दू शाळेत गेलेले, त्यामुळे साहेबांना आयतंच कारण मिळालं.

तरी साहेबांनी एक शब्द दिला होता. "हे सगळं असं लावून द्या की मागितलेला कागद त्याच दिवशी हाती आला पाहिजे. मग तुमच्या बदलीची शिफारस माझ्याकडे लागली."

काकांना बदली गंगाखेडला पाहिजे होती. त्यांच्या पत्नी त्याच तालुक्यातल्या राणीसावरगावच्या शाळेत शिक्षिका होत्या. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार शनिवार-रविवारचा. शनिवारी कचेरी सुटली की काका पॅसेंजरनं परभणी गाठायचे, तिथून एस.टी.नं गंगाखेड, आणि पुढची गाडी मिळाली तर मिळाली. घरी जाऊन जेवण तेवढं व्हायचं. रविवारी दुपारी पुन्हा पिशवी खांद्याला. बाईंची बदली इकडं करावी म्हटलं तर तिथं वशिला लागायचा, आणि तो दोघांकडेही नव्हता.

बस्ते लावायचे म्हणजे हलवायचे, आणि हलवायला खोलीत वीतभर जागा नव्हती. वर्षभर काका नुसते बघत बसले. मग एका दुपारी त्यांनी कसरीनं खाल्लेले दोन कागद सहज उजेडाला धरले. दोन्हींची भोकं जिथं एकावर एक आली तिथूनच उजेड आला, बाकी सगळा अंधार. "तवाच डोक्यात आलं," ते म्हणायचे. "बस्ते हालत न्हाईत ना? मग ऱ्हाऊ द्या. भोकं हालवू."

जुन्या फायलींचे पुठ्ठे कापून त्यांनी कार्डं केली. प्रत्येक गावाचं एक कार्ड, प्रत्येक प्रकारच्या कागदाचं एक, दर दहा सालांचं एक, आडनावाच्या पहिल्या अक्षराचं एक. प्रत्येक कार्डावर गणिताच्या वहीसारखे बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक बस्ता. त्या गावाचा कागद ज्या ज्या बस्त्यात असेल, त्या त्या चौकोनात दाभणानं भोक. चार कार्डं एकावर एक ठेवून झरोक्याला धरली की ज्या एका चौकोनातून उजेड येईल तोच बस्ता. आता हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण त्यासाठी काकांनी एकेक बस्ता सोडून, एकेक कागद वाचून तीन वर्षं भोकं पाडली. दाभणाच्या मुठीनं त्यांच्या तळहाताला कायमचा घट्टा पडला.

मग कचेरीत जत्रा सुरू झाली. लोक दुपारीच यायचे, कारण झरोका पश्चिमेला होता आणि सकाळी कार्डं वाचता येत नसत. ताडकळसकडची एक म्हातारी आली. नवऱ्याचं नाव जमिनीला कधी लागलंच नव्हतं, असं दीर सांगत होते. काकांनी डोळा मिटला, आकडा सांगितला, आणि तिचा चहा निवायच्या आत फेरफाराचा कागद तिच्यासमोर आला. म्हातारी पाया पडायला वाकली तशी काका मागं सरता सरता बस्त्यांवर आदळले. "मी काय न्हाई केलं, माय. उजेडानं सांगितलं." पुढच्या खेपेला ती नारळ घेऊन आली आणि झरोक्यापुढं फोडते म्हणून हटून बसली. शेवटी शिपायानं तो बाहेर पायरीवर फोडला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

आता साहेबांनी शब्द पाळायला हवा होता. पण त्या वर्षी वरून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी काकांना तीनदा कार्डं लावायला लावली, तिन्ही वेळा कागद निघाला. ते इतके खूश झाले की त्यांनी काकांची पाठ थोपटली आणि आमच्या साहेबांना बजावलं, "असा माणूस इथून हलता कामा नये."

झालं. दर मे महिन्यात काका बदलीचा अर्ज द्यायचे आणि दर मे महिन्यात त्यावर एकच शेरा यायचा: पर्यायी कर्मचारी उपलब्ध नसल्याने शिफारस करता येत नाही. सुटायसाठी केलेल्या कार्डांनीच त्यांना कोंडून घातलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत एकदा बाई आल्या होत्या. बुटक्या, हसऱ्या, जवसाची चटणी सगळ्यांना वाटणाऱ्या. त्यांनी खोली बघितली, कार्डांचा ढीग बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एवढी भोकं पाडलीत तुमी, एखादं दाराएवढं पाडायचं होतं की!" आम्ही खूप हसलो, काका सगळ्यांत जास्त.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायचं इतकी वर्षं टाळत आलो.

साहेब बदलले. नवे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी मला काकांच्या हाताखाली दिलं. "हा शिकला की तुमचा अर्ज मी स्वतः पाठवतो," ते काकांना म्हणाले. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते, बायको परभणीला आईवडिलांकडे होती आणि मीही परभणीच्या बदलीची वाट बघत होतो. कार्डं वाचता येणारा माणूस त्या खोलीतून सुटत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो. तेव्हा मी ठरवलं, की आपल्याला ते येऊच द्यायचं नाही.

खरं तर ते मला आठ दिवसांतच आलं होतं.

मी मुद्दाम एखादं कार्ड उलटं लावायचो. उजेड भलत्याच चौकोनातून यायचा, शिपाई भलताच बस्ता काढायचा आणि शिव्या घालायचा. काका रागावले नाहीत. "माझंच चुकलं," म्हणाले, "कार्ड उलटं लागतंय म्हंजे कार्डातच खोट हाय." आणि दोन दिवस बसून त्यांनी शेकडो कार्डांचा उजवा कोपरा कात्रीनं तिरका कापला. आता एखादं उलटं लागलं तर कोपरा लगेच दिसायचा. मी ते कोपरे केरात भरून टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून ओळी चुकीच्या मोजायला लागलो. काकांनी दर पाचव्या ओळीला लाल शाई लावली. मग मी डोळे दुखतात म्हणालो.

"चष्मा लागला काय तुमाला, भाऊ?" त्यांनी खरोखर काळजीनं विचारलं होतं.

त्या उन्हाळ्यात बाईंचा पाय मोडला आणि काका आठ दिवसांच्या रजेवर गेले. तिसऱ्याच दिवशी कोर्टातून एका जुन्या कागदाची मागणी आली, संध्याकाळच्या आत. साहेब हैराण. पक्षकार दाराशी रडवेला उभा. माझ्यानं बघवलं नाही. मी चार कार्डं काढली, झरोक्याला धरली, बस्ता उतरवला, कागद काढून दिला. साहेबांना म्हणालो, "नशिबानं हाती लागला." आणि घाईत ती चार कार्डं टेबलावर तशीच राहिली, कोपऱ्याला कोपरा लावून.

काका रजेवरून आले. त्यांनी ती कार्डं उचलली, उजेडाला धरली, आकडा बघितला. मग नोंदवहीत मी कोर्टाला दिलेल्या कागदाच्या बस्त्याचा आकडा बघितला. मी समोर उभा होतो. त्यांनी कार्डं जागच्या जागी लावून ठेवली.

दुपारी साहेबांनी दोघांना बोलावलं. मे महिना होता, अर्ज त्यांच्यासमोर पडलेला.

"काय, शिकला का हा? शिकला असेल तर आजच सही करतो."

मी फरशीकडे बघत होतो. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मीसुद्धा बोलू शकलो असतो.

"न्हाई साहेब," काका म्हणाले. "त्यायला न्हाई जमायचं. पुढचं काम चांगलं हाय त्यायचं, त्यायला तिकडंच ऱ्हाऊ द्या."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "चला, चहा घिऊ." चहा त्यांनीच सांगितला.

जूनमध्ये माझी परभणीला बदली झाली. तीही आस्थापनेच्या टेबलावर, जिथं जिल्ह्यातले बदलीचे अर्ज येतात. काकांचा अर्ज दर मे महिन्यात माझ्याच हातून जायचा. तेच वळणदार अक्षर, तेच कारण: पती-पत्नी एकत्र राहण्यासाठी. खाली तोच शेरा. पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाही हे खोटं आहे, हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकट्याला ठाऊक होतं. तसं लिहिलं असतं तर मलाच परत जावं लागलं असतं. मला दोन मुलं झाली होती. मी अर्ज फायलीला लावायचो आणि घरी जाऊन जेवायचो.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. काकांनी कचेरीत जिलबी वाटली असं कळलं. जी मागणी केली म्हणून त्यांना त्या खोलीत टाकलं होतं, ती सरकारनंच मान्य केली. खोलीचं दार उघडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

त्या मे महिन्यात त्यांचा अर्ज आला नाही.

मी टपाल दोनदा चाळलं. निवृत्तीला तर अजून दोन वर्षं होती. शेवटी त्यांच्या कचेरीत फोन लावला. जुना शिपाई फोनवर आला. "बाई गेल्या की वो मार्चात. साधा ताप आला आन आठ दिसात खेळ खलास. रेकॉर्डवाले तेरावा उरकून हजर झाले. आता शनवारीबी कुठं जात न्हाईत. ऐतवारीबी हितंच असत्यात."

रविवारी मी गेलो. कचेरी बंद होती, मागच्या खोलीचं दार तेवढं उघडं. काका एका बस्त्याचा फाटका रुमाल शिवत बसले होते. खूप वाळले होते. "या, भाऊ," म्हणाले आणि स्टूल पुढं सरकवलं.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. "काका, मला कार्डं वाचता येत होती. पहिल्या महिन्यापासून."

"म्हाईत हाय."

"मग साहेबांना का सांगितलं नाही तुम्ही? तुम्ही सुटला असता. इतकी वर्षं बाईंजवळ..."

त्यांनी सुई रुमालात खोचली, दोरा दातानं तोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी सुटलो असतो.

"तुमचं लगीन नवं व्हतं, भाऊ."

मग ते रुमालावरून हात फिरवत राहिले. मी तसाच उभा. बाहेर मालगाडी गेली.

"निघा आता," ते म्हणाले. "साडेपाचची गाडी हाय. वहिनी वाट बघत असतील."