सर्व्हरमधली मंद पट्टी

माझी मोठी बहीण चिडली की भांडत नाही, गप्प होते. ते जास्त वाईट.

नवऱ्याबरोबर तिने व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ उभा केला. तिथला सर्व्हर तिने स्वतःच्या हाताने जोडला होता. नवरा गेला आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिराने तिला दार दाखवलं. "वहिनी, तुमचं काय असेल ते घ्या आणि निघा." गरज सरो, वैद्य मरो!

ताईने आपलं तेवढंच घेतलं. सर्व्हरमधली मेमरीची एक वेगवान पट्टी तिच्या पैशांची होती. ती उपसून तिने पर्समध्ये टाकली. दिराने रिकाम्या खाचेत अडगळीतली जुनी, मंद पट्टी खुपसली. बसली ना, मग झालं!

इथेच मेख होती. एक पट्टी मंद असली की बाकीच्या सगळ्यांना तिच्याच चालीने चालावं लागतं. प्रोसेसर आणि मेमरीमधली वाट रेंगाळली, की प्रोसेसर कितीही चपळ असो, माल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. स्टुडिओतली कामं रखडायला लागली, तेव्हा दिराने मात्र प्रोसेसर बदलला. मग त्याहून महागाचा आणला. काखेत कळसा, गावाला वळसा.

स्टुडिओतला जुना एडिटर फोनवर हे सगळं सांगायचा आणि ताई ऐकताना चहा चवीने प्यायची. "सांगून टाकू का तुझ्या दिराला?" मी एकदा विचारलं. "खबरदार!" ती म्हणाली.

शेवटी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक काम काढून घ्यायला निघालं, तेव्हा दीर नाक मुठीत धरून आला. आम्ही दोघी गेलो. ताईने सर्व्हरचं झाकण काढलं, तिचं बोट थेट त्या पट्टीवर गेलं. मला वाटलं, विरघळली. तेवढ्यात दीर लाडात म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय परक्या आहात का?"

ताईने झाकण लावलं, स्क्रू एकेक करून घट्ट पिळले. "प्रोसेसर कमी पडतोय, भावोजी. अजून मोठा घ्या."

आम्ही जिन्याशी पोचेपर्यंत तो फोनवर ऑर्डर देत होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण दाराबाहेरची पाटी दिसली आणि मी थबकले. त्या पाटीवर ताईच्या नवऱ्याचं नाव होतं.

"ताई, हे नावही बुडेल गं."

तिने पदराने पाटीवरची धूळ पुसली.

"बुडू दे. टाळं लागलं की पाटी मी उतरवून आणीन."