आत्याबाईंच्या कहाणीला हुंकारा

साखऱ्याला, माझ्या सासरी, ओसरीत त्या दिवशी आम्ही दोघीच होतो... मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पेरणी तोंडावर आली होती आणि बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या होत्या. त्या हातानंच फोडाव्या लागतात, बडवल्या तर दाण्याचं लाल साल निघतं आणि तो उगवत नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, माझं लग्न नवीन होतं तेव्हाची. आता मी नव्वदी ओलांडली... नात म्हणाली, तू बोल, मी टाइप करते.

आदल्या श्रावणात माझी नणंद बाळंतपणात गेली होती, नरसीला, सासरी. माहेरी आणायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आत्याबाई निरोप मिळताच बैलगाडीनं निघाल्या, पण वाटेत कयाधू नदीला पूर... त्या पलीकडे पोचल्या तेव्हा लेक आणि लेकरू दोन्ही गेली होती.

बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव घरात काढायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. नाव काढलं की तिचा जीव घराभोवती घुटमळतो म्हणे. आत्याबाईंनी तोंड उघडलं की कुणीतरी लगेच त्यांना गप्प करायचं. सगळे मायेपोटीच करायचे... पण बाई आतून वाळत चालल्या होत्या. अर्धी भाकरीसुद्धा घशाखाली उतरत नव्हती.

माझ्या तोंडाचा पट्टा मात्र कायम चालू! त्यांना हसवावं म्हणून माहेरच्या म्हशीपासून पाटलाच्या मिशीपर्यंत सगळं सांगून झालं होतं. त्या दिवशीही तेच चाललं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जरा गप बस, माय. मी एक कहाणी सांगते. तू नुस्ता हुंकारा दे."

कहाणीला हुंकारा लागतोच. ऐकणाऱ्यानं मधून मधून "हूं" म्हणायचं, नाहीतर सांगणारा पुढं जात नाही.

आटपाट नगर होतं. तिथं एक पोरगी होती, शेंगा फोडायला बसवली की निम्म्या तोंडात टाकायची... मी म्हटलं, हूं. जात्याचा खुंटा लागून तिच्या भुवईवर खूण पडली होती... आणि माझा हात थांबला. माझ्या लग्नात नणंद माझ्या केसांत फुलं माळत होती, तेव्हा ती खूण मी अगदी जवळून पाहिली होती.

जिभेवर किती काय काय आलं. रडू नका, देवाची मर्जी, असंच सगळं. पण मी बोलले असते तर कहाणी तिथंच मोडली असती, म्हणून नुसती हूं म्हणत राहिले.

"आई नदीच्या काठावर बसून राहिली. पल्याड पोरगी हाका मारून राहिली, आन् आईला ऐकूच येईना..."

एवढं बोलून त्या थांबल्या. मी हुंकारा दिला. मग आत्याबाई रडल्या... लेक गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी मोठ्यानं. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी मागून घेतली.

पुढं दर वर्षी शेंगा फोडताना तीच कहाणी. मला पाठ झाली होती, तरी हुंकारा चुकवला नाही.

निजामाचं राज्य जायला आलं त्या वर्षी बाहेर सगळी धामधूम होती, आणि घरात आत्याबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी फोडायच्या शेंगा सुपात घेऊन त्यांच्या बाजेजवळ बसले. कहाणी सुरू झाली... पण या खेपेला नदीचं पाणी उतरलं. गाडी पलीकडे गेली. आईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, तिला पाणी पाजलं.

"लेकरू रडलं, बरं का," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

खरं काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, हूं.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मी जन्मभर पुष्कळ बोलले, लोकांना पुष्कळ समजावलं... त्याचा कुणाला काय उपयोग झाला, देव जाणे. पण त्या माउलीला नदी ओलांडताना माझी सोबत झाली, एवढं समाधान मला पुरतं.