सावकाशबाईचं सॉरी

पाळणाघरातल्या मावशींना टोपणनावं ठेवायची भारी हौस. चार वर्षांच्या त्या मुलीचं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'सावकाशबाई' ठेवलं. बूट घालायचे तर ती आधी दोन्ही बुटांत डोकावून बघायची, मग कुठला आधी घालायचा याचा विचार करायची.

"सावकाशबाई, तुम्हाला पुढच्या वर्षी शाळेत जायचंय ना? मग आजच निघायला हवं."

"आज नको," ती शांतपणे म्हणायची. "आज मला खेळायचंय."

मावशींनी बावीस वर्षं मुलं सांभाळली होती. एका हाताने नाक पुसताना दुसऱ्याने बटण लावायचं त्यांना सहज जमे. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर त्यांचा हात पडला की मूल गप्प व्हायचं. त्या हातावर सगळ्या आयांचा विश्वास होता. खरं सांगायचं तर मावशींचाही होता, जरा जास्तच.

त्या वर्षी मुलांना पहिल्यांदाच पोहायला न्यायचं ठरलं. तलावावरच्या कोचबाई येऊन तयारी समजावून गेल्या. पंधरा दिवस रोज पसरट टबात पाणी घ्यायचं. आधी हनुवटी बुडवायची, मग तोंडाने बुडबुडे काढायचे आणि शेवटी अख्खा चेहरा पाण्यात घालायचा. "एकच सांगते मावशी, डोक्याला हात लावायचा नाही. मुलाने आपणहून वाकायला हवं." त्यांनी मुलांच्या नावांचा कागदही दिला. चेहरा बुडवला की नावापुढे बरोबरची खूण करायची.

शेवटच्या शुक्रवारपर्यंत दहा खुणा झाल्या. अकरावी राहिली होती. सावकाशबाई टबापुढे गुडघ्यांवर बसून पाण्यात बघत होती.

"पाण्यात दिवा दिसतोय," ती म्हणाली.

"दिसू दे. वाक आता."

"हलतोय."

दाराबाहेर पालक जमले होते. ओल्या टॉवेलांचा ढीग पडला होता, एका मुलाला बाथरूमला जायचं होतं. मावशींचा हात तिच्या डोक्यामागे गेला आणि त्यांनी दाबलं. क्षणभरच. ती वर आली ती नाकातोंडातून पाणी गाळत. रडली मात्र नाही. मावशींकडे नुसतं पाहिलं, टॉवेल घेतला आणि कोपऱ्यात जाऊन स्वतःच तोंड पुसत बसली. मावशींनी अकरावी खूण केली.

सोमवारी तलावावर दहा मुलं कोचबाईंमागून बदकांसारखी पाण्यात उतरली. सावकाशबाई काठावर उभी राहिली, दोन्ही हातांनी डोक्याची मागची बाजू झाकून.

"मावशी, तयारी झकास केलीत हं," कोचबाई म्हणाल्या. "एवढी हीच काय ती हट्टी दिसते."

बघायला आलेल्या आयांनी मावशींकडे कौतुकाने पाहिलं. आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी टॉवेल उचलायला घेतले. सावकाशबाईची आई ऑफिसातून तासाभराची सुट्टी काढून आली होती. तिचा पारा चढला.

"घरीही हेच. मावशींनी पंधरा दिवस मेहनत घेतली आणि तू अशी वागतेस? आधी त्यांना सॉरी म्हण."

मुलीने आईकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "सॉरी, मावशी."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं, "असू दे गं."

ते 'असू दे' त्यांचं मन खात राहिलं. डोकं दाबलं ते घाईत. 'असू दे' म्हणताना कसली घाई नव्हती. मंगळवारी दिवसभर मुलांची बटणं लावताना त्यांना आपल्याच बोटांकडे बघवेना. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा त्यांनी तिला दाराआड घेतलं.

"शुक्रवारी मी तिचं डोकं पाण्यात दाबलं. ती हट्टी नाही."

आई म्हणाली, "काल माझ्यासमोर तिने सॉरी म्हटलं. तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होते."

आई मुलीचा हात धरून निघून गेली. मावशींनी कोचबाईंनाही फोन केला. "पुढच्या वेळची तयारी मी स्वतः घेईन," कोचबाई एवढंच बोलल्या. त्यात चुकीचं काही नव्हतं.

दोन दिवस मुलगी आली नाही. शुक्रवारी आली. मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

"चूक माझी होती बाळा. तुझी नव्हती."

"माहितीये."

"मग तू कशाला सॉरी म्हणालीस?"

"आईला उशीर होत होता."



पुढच्या सोमवारी त्या तलावावर गेल्या त्या फक्त टॉवेल सांभाळायला. सावकाशबाई पायरीवर बसली, घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून. कोचबाई समोर पाण्यात वाट बघत उभ्या होत्या. मुलीने एकदा मागे वळून पाहिलं.

"मावशी, तू लांब बस."

"इथे बसू?"

"अजून लांब."

मावशी टॉवेल उचलून पार टोकाच्या बाकावर गेल्या. तिथून त्यांना मधल्या खांबामुळे पायरी दिसत नव्हती. मान वाकडी केली असती तर दिसली असती. त्यांनी केली नाही. एकेक टॉवेल घडी करत बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने कोचबाईंचा हळू आवाज आला, "वा. आता पुन्हा, तुला हवं तेव्हा."