दुकानात चालू, घरी बंद

मेहकरात बस स्टँडच्या मागे माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चालू असलेलं मशीन कोणी माझ्याकडे आणत नाही, त्यामुळे येणारे चेहरेही पडलेलेच असतात. प्रत्येक जण कम्प्युटरसोबत घरचं काहीतरी टेबलावर ठेवून जातो. कम्प्युटर परत जातो, ते मात्र माझ्याकडेच राहतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मित्र विचारतात, ‘सुनील, आज काय आलं बे?’ मग मी सांगतो. थोडं तिखटमीठ लावतो, हेही कबूल करतो.

*

पूर्ण बंद पडलेलं मशीन परवडलं. कधी चालू होतं, कधी नाही, त्याच्याइतका वैताग दुसरा नाही!

एका ग्रामपंचायतीतले बाबू असंच मशीन घेऊन आले. डाव्या अंगाला थाप मारली की चालू व्हायचं, तेही मूड असला तर. आतली रॅम सैल होती. मी पुसली, घट्ट बसवली, दोन मिनिटांचं काम. आठ दिवसांनी बाबू पुन्हा हजर. मला वाटलं, परत बिघडलं. तर म्हणाले, बिघडतच नाही हो, दाखल्याला लोक सकाळपासून रांग लावून राह्यले, पहिल्यासारखं करून द्या!

*

मलकापूरला माझा साडू एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. त्याच्या शेठचा कम्प्युटर चालू होऊन लगेच बंद पडायचा, म्हणून मला बोलावलं. कॅबिनेट उघडलं तर पंख्यात हा एवढा कापूस अडकलेला! मी तो बोळा काढून शेठच्या हातात दिला, की बघा, काय हाल करून ठेवलेत. शेठनं चष्मा चढवला, चिमटीत धरून एक बट ओढून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘धाग्याची लांबी बरी हाये.’

*

पण टपरीवर हमखास टाळी घेणारा माझा किस्सा जानेफळच्या ज्योतीताईचा होता. होता म्हणतो, कारण आता तो मी सांगत नाही. आज सांगतो, कारण आजवर अर्धाच सांगितलाय.

लग्न मोडून ती माहेरी आलेली. वडील शाळेत शिपाई होते, आता रिटायर. समोरच्या खोलीत कम्प्युटर टाकून ती गावातल्या पोरापोरींचे ऑनलाइन फॉर्म भरायची. पुण्याचा भाऊ सारखा मागे लागलेला, की तिथं काय करतेस, इकडे ये, माझी लेकरं सांभाळ. तिला जायचं नव्हतं. त्या एका डब्याच्या जोरावर ती भावाला नाही म्हणू शकत होती.

दिवाळीनंतर एसटीत मांडीवर कॅबिनेट घेऊन ती आली. मी वायर लावली, बटण दाबलं, चालू! दहा वेळा दाबलं, दहाही वेळा चालू.

‘घरी नाई होत भाऊ,’ ती म्हणाली. ‘आई खाटेले लागली तवापासून असंच होऊन राह्यलं.’

मी हसलो. म्हटलं, ताई, माणसाचा आजार मशीनला लागत नसतो.

ती कॅबिनेट उचलून गेली. संध्याकाळी टपरीवर मी हे सांगितलं आणि टाळी घेतली.

*

महिन्याभरानं परत आली. आई गेली होती. कम्प्युटर तसाच. पण एक गोष्ट तिनं जरा बिचकतच सांगितली. आईच्या जलदानविधीला घरात माणसं जमली, त्या दिवशी तो पहिल्या झटक्यात चालू झाला, पुढचे दोन दिवस चालला आणि मग पुन्हा बंद.

दुकानात अर्थात चालूच होता. तरी मी आतला पॉवर सप्लाय बदलून दिला. तिच्या घरी व्होल्टेज किती येतं, हे शिकाऊ माणूसही पहिल्यांदा विचारतो. मी विचारलं नाही. टपरीवर नवीन भर घालायची घाई झाली होती मला. म्हटलं, आई स्वतः बटण दाबायला आली होती बहुतेक! पोरं खोकेपर्यंत हसली. आज आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

*

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हातात कॅबिनेट नव्हतं. उन्हाळा लागला होता. स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली.

गावातल्या एका पोरीचा नर्सिंगचा फॉर्म तिच्याकडे होता. शेवटची तारीख. नवीन सप्लायवर कम्प्युटर कधीमधी चालायचा, त्या दिवशी मात्र सकाळपासून बटण दाबतेय, चालू होत नाही. शेवटी एसटी पकडून मेहकरला आली, तोवर साइट बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या पोरीचा बाप घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि काही न बोलता निघून गेला.

‘शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं,’ ती म्हणाली.

मी शटर ओढलं आणि तिच्यासोबत जानेफळला गेलो.

*

घरी मीटर लावून पाहिला तर व्होल्टेज निम्म्याच्याही खाली. एलईडी बल्ब तेवढ्यावरही जळतात, म्हणून कुणाला पत्ता नाही. वायर धरत धरत मागच्या अंगणात गेलो. खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी तार कधीची तुटलेली. अर्ध्या गल्लीनं केलं तेच यांनीही केलं होतं. मागे जमिनीत लोखंडी सळई ठोकून दुसरी वायर तिला बांधली होती. अशी सळई जमीन ओली असेल तरच काम देते. इथली माती भेगाळली होती.

मी विचारलं, इथं पाणी पडत नाही का?

तिचे वडील म्हणाले, पहिले पडायचं. हिची आई इथंच बसून भांडी घासायची, तीस वर्षं. ती खाटेला लागली, मग ज्योतीला तिच्याजवळ राहता यावं म्हणून स्वयंपाकघरात सिंक बसवून घेतलं. त्यानंतर मागे भांडी पडली ती फक्त जलदानाच्या दिवशी. पंगतीची.

मी दोन बादल्या पाणी सळईभोवती ओतलं. आत जाऊन बटण दाबलं. चालू.

ज्योतीताई दारात उभी होती. ‘मी तं सांगतलंच होतं, भाऊ,’ एवढंच म्हणाली.

मला मान वर करता आली नाही. कारण नर्सिंगवाल्या पोरीचा बाप पाणी पिऊन गेला, त्याच दिवशी तिनं भावाला फोनवर पुण्याला यायला हो म्हणून टाकलं होतं. आठवड्यानं ती पुण्याला गेली. कम्प्युटर इथंच ठेवून.

*

मी मागे लागून खांबावरची तार जोडून घेतली. ते सांगायला पावसाळ्याआधी जानेफळला गेलो. समोरच्या खोलीत कम्प्युटरवर धुतलेली चादर घातलेली. म्हातारा मागच्या अंगणात बादली घेऊन सळईभोवती पाणी टाकत होता.

म्हटलं, बाबा, तार जोडली आता. याची गरज नाही.

‘हाव, लाइनमन सांगून गेला,’ ते म्हणाले आणि उरलेलं पाणी ओतलं. ‘पण पोरगी कव्हा येईन सांगता येत नाई. आली अन् चालू नाई झाला तं?’