खाटेखालचं करिअर

साइटवर दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक मुरमाचा आणि दुसरा किश्शांचा. मुरमाचं निदान बिल तरी निघतं!

आम्ही मुळशीत नव्या मोठ्या रस्त्याच्या आणि त्यावरच्या पुलाच्या कामावर होतो. कॉलेजात एचओडी सरांनी छातीठोक सांगितलं होतं, "मोठ्या प्रोजेक्टवर दोन वर्षं काढा, आयुष्यभराचं करिअर होतं." मी, माझा रूममेट निखिल आणि काँक्रीटचे क्यूब तपासणाऱ्या लॅबमधली सायली, तिघंही या वाक्याचे बळी. तिघंही ट्रेनी.

पहिल्याच महिन्यात साइटच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "पुलाचा खांब नंबर चौदा, म्हणजे पी-चौदा. त्याच्या डोक्यावरची कॅप तू एकट्यानं करायची. काँक्रीट पास झालं, तर तू पर्मनंट."

"आणि नापास झालं तर, सर?"

"तर कॅप फोडावी लागेल. फोडायलाही माणसं लागतातच."

त्या दिवसापासून पी-चौदा माझ्या डोक्यावर बसला.

* * *

पण कॅपपर्यंत पोचायला वेळ होता. तोवर मला 'लीडरशिप' मिळाली.

मोठे साहेब पाहणीला येणार होते. ताम्हिणीकडून पाऊस आडवा येत होता. सगळ्या साइटमधून माझी निवड झाली. का? तर माझी उंची! मी छत्री धरून मोठ्या साहेबांच्या मागोमाग चालायचं होतं. डोक्यात मी उत्तरं घोकत होतो. लोखंड किती, काँक्रीट कुठलं, सगळं तोंडपाठ.

वाऱ्यानं छत्री उलटी झाली. मोठे साहेब नखशिखान्त भिजले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि संपूर्ण पाहणीतला एकमेव तांत्रिक प्रश्न विचारला.

"ही तुम्हीच डिझाइन केलीत का?"

* * *

आमचे घरमालक तात्या. त्यांच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला, आणि उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून त्या त्यांनी आम्हालाच भाड्यानं दिल्या. म्हणजे प्रोजेक्टमुळे करिअर कुणाचं झालं, हे तुम्हीच ठरवा.

निखिल तेव्हा सर्व्हेला होता. एका संध्याकाळी त्यानं मोजून मापून रस्त्याच्या कडेची खुंटी ठोकली. सकाळी पाहतो तर खुंटी हातभर सरकलेली आणि तिला तात्यांची शेळी बांधलेली. शेळीनं रात्रभर ओढून रस्ता थेट तात्यांच्या वांग्यांकडे वळवला होता.

निखिल किंचाळला, "तात्या, ही सरकारी खुंटी आहे!"

"मंग? सरकारी हाय म्हनून रिकामी ठिवायची व्हय?"

* * *

माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. आयटी पार्कजवळच्या चांदे गावचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांच्या तीन खोल्या आयटीवाल्यांना भाड्यानं दिलेल्या, त्यामुळे जावई म्हणजे काय याची त्यांची कल्पना पक्की.

"मुलगा आयटीत आहे का?"

आई म्हणाली, "नाही, आयटीत जायचा रस्ता करतो."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "पूल कधी होणार?"

मी उत्साहानं म्हटलं, "दोन वर्षांत!"

"बरं. आणि पूल झाल्यावर मुलगा काय करणार?"

हा प्रश्न एचओडी सरांना विचारायचा राहूनच गेला होता.

* * *

आता क्यूबचं सांगतो. कॅपमध्ये जे काँक्रीट ओततो, त्याचेच सहा इंची ठोकळे भरून ठेवतात. ते क्यूब. लॅबच्या पाण्याच्या टाकीत ते मुरवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली दाबून फोडायचे. किती जोर सोसला, त्यावर कॅप पास की नापास. फुटलेल्यांचा ढीग लॅबमागे पडलेला असतो.

तात्यांनी एकदा विचारलं, "त्यातलं न्यावं का वाईच? न्हाणीत टाकाया."

मी दिलदारपणे हात फिरवला. "न्या हो तात्या, हवे तेवढे न्या! रस्ताच तुमच्या जमिनीतून चाललाय."

असं दुसऱ्याच्या मालावर उदार व्हायला मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. हे मी साइटवर शिकलो.

* * *

एकदाची माझी कॅप झाली. भर पावसात, ताडपत्र्या लावून. क्यूबवर मी स्वतःच्या हातानं रंगानं 'पी-१४' लिहिलं. बारशाला नाव लिहावं तसं. सातव्या दिवशी त्यातले काही फोडून पाहिले, निकाल बरे आले. खरी परीक्षा उरलेल्या तीन क्यूबची होती.

त्याच सुमारास आमच्या खोलीत पाणी शिरलं. माझी खाट अगदी दारापाशी. मी कुरकुर केली. संध्याकाळी परत येतो तर तात्यांनी खाट चांगली उंच करून ठेवलेली! चप्पल तरंगतेय आणि मी कोरडा.

"तात्या, देवमाणूस आहात!"

"एक पाय जरा हालतोय," तात्या म्हणाले. "घे सांभाळून."

खाट रोज डुगडुगायची. मीही रोज डुगडुगत, पर्मनंट झाल्याची स्वप्नं बघत झोपायचो.

* * *

अठ्ठाविसाव्या दिवशी सायलीनं टाकीत हात घातला. पी-चौदा गायब!

"टाकी साफ करताना बाहेर काढले होते," ती रडवेली होऊन म्हणाली. "ढिगाशेजारी ठेवले होते."

साहेब शांतपणे म्हणाले, "उद्यापर्यंत मिळाले नाहीत तर कॅपला भोकं पाडून नमुने काढू."

माझ्या कॅपला भोकं! दिवसभर आम्ही ढीग उपसला. घरी येऊन मी धपकन खाटेवर बसलो, आणि ती डुगडुगली. सगळा राग त्या खाटेवर निघाला. चौथ्या पायाखाली पुठ्ठा कोंबायला मी खाली वाकलो. त्या पायाखाली वीट होती. बाकीच्या तीन पायांखाली माझं अक्षर होतं.

"तात्या!!"

"आरं, तूच म्हनलास न्हवं, न्या म्हनून? समदे फुटके. ह्ये तीनच धड गावले."

धड होते म्हणजे अजून फोडले नव्हते, हे इंजिनिअरला कळायला हवं होतं. इंजिनिअर त्यांच्यावर झोपला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तिन्ही क्यूब ठेवले आणि झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी एकाला हात लावला. "ओले आहेत."

सोबत आलेले तात्या म्हणाले, "त्या खोलीत कवा कोरडं असतंय?"

सायलीनं पहिला क्यूब मशिनखाली ठेवला. आकडा चढू लागला. मी डोळे मिटले. मग सायली ओरडली, आणि ती आनंदानं ओरडली हे कळायला मला थोडा वेळ लागला. तिन्ही क्यूब पास! तेही टाकीतल्या कितीतरी क्यूबपेक्षा सरस. मला खरोखर रडू आलं. मी पर्मनंट झालो.

साहेबांनी त्याच दिवशी टाकीला कुलूप लावलं आणि किल्ली सायलीकडे दिली.

* * *

पुढची कॅप निखिलची. पी-पंधरा. आता पर्मनंट व्हायची पाळी त्याची होती.

पाऊस संपला. खोली कोरडी ठणठणीत झाली. मी चार दिवस घरी जाऊन परत आलो तर दारातच पाय घसरला. फरशीवर घोटाभर पाणी, उंबऱ्याला ओल्या पोत्यांचा बांध. निखिलची खाट उंच झालेली. तीन पाय क्यूबवर, चौथा विटेवर. क्यूबवर ठळक अक्षरात 'पी-१५'.

खाटेवर निखिल छातीवर हात ठेवून, अजिबात न हलता पडला होता.

"सायलीला माहीत आहे?" मी विचारलं.

"किल्ली कुणाकडे असते?" तो छताकडे बघत म्हणाला. "आणि उभा काय राहिलास? बादली भरून आण."